डेटाबेस कधीपासून चालू हाय?

एसीच्या खोलीत किस्से लई साचतात. बाहेर ऊन, आत गारवा. उठून जातंय कोण! ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, बिदर जिल्ह्यातल्या आमच्या साखर कारखान्यात कॉम्प्युटर आला, तेव्हा एसी फक्त त्याच खोलीला होता. आत आम्ही दोघं: मी ऑपरेटर, सिद्रामअण्णा वायरमन. वर मॅनेजरसाहेब.

*

हळ्ळीखेडचा शेतकरी ऊस नोंदवायला आला. अण्णा म्हणाले, "चपला बाहेर काढा."

"कामून? देऊळ हाय का?"

"व्हय! पण हितला देव लाईट गेली की जातो!"

*

लाईट तर सारखीच जायची. म्हणून सकाळी आल्या आल्या मी एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या भाषेत, एक ओळ टाइप करायची: आत्ताच्या वेळेतून ऊसनोंदींचा डेटाबेस सुरू झाल्याची वेळ वजा. किती दिवस अखंड चालला ते कळायचं. अण्णा आकडा आधीच सांगायचे. चुकले तर चहा त्यांचा, बरोबर आला तर माझा. रोज मीच पाजायले! मग कळलं, लाईनमन त्यांचा मेहुणा!

*

एकदा साहेबांनी विचारलं, "किती दिवस झाले?"

"दोन पूर्णांक पंचाहत्तर."

"पाऊण दिवस? हाफ डे ऐकलाय मी. तीन लिही!"

"साहेब, डेटाबेस तुमच्या हजेरीपटावर न्हाई!"

तेव्हापासून त्यांनी माझ्यावर डूख धरला होता.

*

खंडे नवमीला कारखान्यात मशीनं पुजतात. मी आदल्या दिवशीच मेहकरला घरी गेले होते. दसऱ्याला आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आले, तर ऊसनोंदी गायब!

साहेबांनी चेअरमनसमोर कागद पुढं केला. "आज सकाळी तूच मशीन मधीच बंद केलीस. चूक कबूल कर, सही कर. न्हाईतर नोकरी सोड."

घरात कमावती मी एकटी. पण राग आवरंना. "न्हाई करणार सही! काय करायचं ते करा!"

तीच ओळ टाइप केली. उत्तर आलं: दोन दिवस अन् वर थोडं.

"आज बंद केली असती तर हे दोन दिवस कुठून आले? नवमीला मी हितं नव्हते. कोण होतं?"

अण्णा म्हणाले, "साहेबच. चालू मशीनची पूजा करू नये म्हणले, अन् मेन स्विचच वढला, पूजा झाल्यावर परत लावला. मी नगं नगं म्हणत ऱ्हायलो."

साहेब छताकडं बघायले. मी कागद फिरवून त्यांच्यापुढं सारला, वर पेन ठेवला.

"मजकूर बरोबर हाय, साहेब. नाव तेवढं बदला अन् सही करा!"