बायकांचं पलीकडच्या वर्गात

लेकीनं फोनवर सांगितलं, "आई, बाळंतपण मी सासरीच करणार." आमच्यात पहिलटकरीण माहेरी येते. घरात खायला नसलं तरी आई उसनंपासनं करून लेकीला आणते. पहिल्या खेपेला लेक सासरीच राहिली की माहेरात काय बिघडलंय ते गल्लीतल्या बायका शोधायला लागतात. माझ्या लेकीनं ते कष्टही वाचवले. म्हणाली, "तू पिऊन पडशील आन माझं बाळ रडत बसंल."

मला लई राग आला. फोन आपटला, ज्वारीच्या पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि बाटली काढली.

मी शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात शिलाई करते. नवरा पिऊन पिऊन वारला आणि त्याची अर्धी बाटली कपाटात राहिली. ती संपवली, पण माझं काही भागलं नाही. दुकानात जाऊन "घरच्यांसाठी पायजे" म्हणायचं, की दुकानदार न बघता पिशवीत घालून द्यायचा. घरचा माणूस कधीच मातीला गेला होता. त्याच्या नावावर मी पीत होते.

सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर एक कागद डकवलेला होता. दारू सोडायची असेल तर या, दर गुरुवारी संध्याकाळी, आणि खाली अशोक चौकापलीकडच्या एका शाळेचा पत्ता. तो कागद मी कितीदा वाचून पुढं गेले असेन. लेकीच्या फोननंतरच्या गुरुवारी मात्र रिक्षा केली. लेक माहेरी आली पाहिजे, एवढंच डोक्यात होतं.

शाळेच्या पायरीवर एक पोक्त गृहस्थ चहाची किटली घेऊन उभे होते. मला बघून लगेच अदबीनं म्हणाले, "या ताई. बायकांचं पलीकडच्या वर्गात हाय." मला वाटलं, बरंय, बायकांची वेगळी सोय दिसतेय. गेले की मुकाट.

आत तिसरीच्या पोरांच्या बाकांवर सात-आठ बायका बसलेल्या. एकीनं जागा दिली, पाणी दिलं आणि मायेनं विचारलं, "किती पितात तुमचं मालक?"

"मालक वारलं."

"मग ल्योक पितो का?"

"ल्योक न्हाय मला."

तिला पुढं काय विचारावं कळेना. तेवढ्यात समोरची बाई रडत सांगायला लागली, "रोज घरभर बाटल्या हुडकते बघा. काल पिठाच्या डब्यात घावली." बाकीच्या हळहळल्या. मला घाम फुटला. डबा माझाच होता म्हणा ना! मग उमगलं, ह्या सगळ्या पिणाऱ्यांच्या बायका. पिणारे तिकडं, आणि सोसणाऱ्या इकडं. बाई दिसली की ती सोसणारीच, असं त्या किटलीवाल्यानं धरलं होतं. दुकानदारानंही तेच धरलं होतं, पण तिथं ते माझ्या पथ्यावर पडायचं.

मी उठले. म्हटलं, "बायांनो, मी कुणाची कोण म्हणून आले न्हाय. मीच पिते."

शेजारी बसलेल्या बाईनं पदर आवरून घेतला. घेऊ दे. मी बाहेर आले आणि सरळ दुसऱ्या वर्गाच्या दारात उभी राहिले. आत सगळे बाप्ये. किटलीवाले धावत आले. "अवो ताई, हितं अवघडल्यासारखं हुईल."

"कुणाला?"

त्यांनी किटली ह्या हातातनं त्या हातात घेतली.

"दारूनं मला बाई म्हणून कधी सोडलं न्हाय. तुमी कशापायी सोडताय? सरका."

मागच्या बाकावरचे एक म्हातारे चाचा सरकले. "आव आपा, बैठो." मी बसले. त्या दिवशी एक शब्द बोलले नाही, पण उठलेही नाही. पुढच्या गुरुवारी गेले, त्याच्या पुढच्याही. हळूहळू तिथं बोलायलाही लागले, आणि लेकीला फोनवर सगळं सांगायलाही.

सातवा महिना सरला आणि लेक आली. विहीणबाई स्वतः सोडायला आल्या. गुरुवारच होता. चहा घेता घेता म्हणाल्या, "एक ऐकता का? बाळंतपण हुईस्तोवर त्या मीटिंगला जाऊ नका. पाहुण्यांत कळलं तर तोंड दाखवायची सोय ऱ्हाणार न्हाय."

माझं टाळकंच फिरलं. "अवो, बाटली आणायला जात हुते तवा कुणी आडवं आलं न्हाय. आता सोडायला निघाले तर तोंडं लपवायची व्हय?"

"तसं न्हवं..." म्हणत त्या लेकीकडं बघायला लागल्या. लेक कमरेला हात लावून उठली, स्वयंपाकघरात गेली, पिठाच्या डब्याचं झाकण काढलं आणि सासूच्या देखत आत हात घातला.

काळीज चरकलं माझं. तरी दारात उभी राहून म्हटलं, "बघ की. तळापतूर बघ."

तिनं तळापर्यंत बघितलं. घाई केली नाही. कोपरापर्यंत पांढरा झालेला रिकामा हात बाहेर काढला आणि सासूला म्हणाली, "आत्याबाई, जाऊ द्या तिला. आन आई, येताना माझ्यासाठी चिंचा आण."