रोजचा एक अध्याय आणि हेडसरांचा कोट

आमचे हे इस्त्रीवाले. घराची पुढची खोली म्हणजे दुकान, मागच्या दोन खोल्या म्हणजे आम्ही, आणि मध्ये एक पडदा. त्या पडद्यातून मला सगळं ऐकू येतं, हे ह्यांना सव्वीस वर्षांत कळलेलं नाही आणि मीही कधी सांगायला गेले नाही.

माणूस साधा, पण शिस्तीचा अतोनात. सकाळी इस्त्री उभी करून तापत ठेवायची आणि ती तापेपर्यंत पवित्र शास्त्राचा एक अध्याय मोठ्याने वाचायचा. आमची इस्त्री जुनी, वजनदार, तापायला वेळ खाणारी. नवी घ्या म्हटलं की म्हणतात, "नवी लगेच तापेल, मग मी वाचू कधी?" वाचतात ते क्रमाने, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, आणि संपलं की पुन्हा पहिलं पान. मधलं काही गाळायचं नाही. कुणाचा मुलगा कोण आणि त्याचा मुलगा कोण, अशा लांबच लांब याद्यासुद्धा हे दारात आलेल्या पाहुण्यांना नावाने आत बोलवावं तशा वाचतात. मी आत भाजी चिरता चिरता ऐकते.

वाचून झालं की थोडं प्रवचन. त्याचा विषय बहुतेक वेळा समोरचा सलूनवाला. माणसाची झाडून सगळी पापं त्या बिचाऱ्याच्या खुर्चीभोवती घोटाळतात, असं ह्यांचं ठाम मत आहे.

अशा माणसाला हेडसरांच्या कोटाने गाठलं.

हेडसर म्हणजे पलीकडच्या शाळेचे मुख्याध्यापक. त्यांचा राखाडी कोट, आत गुळगुळीत अस्तर, दर पंधरवड्याला आमच्याकडे यायचा. ह्यांनी तो पहिल्यांदा अंगात घातला तो कामासाठीच. "खांद्याची घडी बसली का, ते घातल्याशिवाय कळत नाही," म्हणाले. मला पटलं. पुढच्या खेपेला घडी कळायला आरसाही लागू लागला. मग एकदा कोट पोचवायला निघाले ते चक्क अंगात घालून, रिकामा हँगर हातात. मी पडद्यातून डोकं बाहेर काढलं.

"अगं, हातात नेला की चुरगळतो," हे म्हणाले. "अंगात नेला की घडी राहते."

हेही पटलं मला! हेडसरांच्या फाटकापाशी कोट काढायचा, झटकायचा, हँगरला लावायचा आणि मग घंटी वाजवायची. त्यांचं घर चालत पाच मिनिटांवर, पण तो रस्ता हळूहळू लांबत गेला. आधी चहावाल्यापर्यंत, मग बसथांब्यावरून, मग सगळ्या बाजाराला वळसा. एकदा बाजारात कुणीतरी ह्यांना "साहेब, किती वाजले?" असं विचारलं. त्या दिवशी जेवताना हे दोनदा म्हणाले, "साहेब म्हणाला गं मला."

खरं सांगू? मला राग आला नाही. कोट ह्यांना शोभत होता. मी तसं म्हटलंही, एकदा नाही, चांगलं चारपाच वेळा.

त्यातच आमच्या लेकीचं जमलं. ती दवाखान्यात नर्स आहे, आणि मुलगा तिथेच एक्स-रे काढतो. मुलगा आमच्यासारखाच साधा, पण घरचे मोठे. वडील कुठल्याशा कचेरीत वरचे अधिकारी, बैठकीत पियानो. त्यांनी आम्हाला रविवारी उपासनेनंतर जेवायला बोलावलं. इस्त्रीवाल्याची मुलगी म्हणून त्यांनी नाक मुरडलं तर लेक मोडून पडेल, या धास्तीने माझी झोप उडाली. ह्यांचीही उडाली असणार, कारण सोमवारी सकाळीच म्हणाले, "रविवारी मी हेडसरांचा कोट घालतो. एकच दिवस."

हे वाचायला बसले. त्या दिवशीच्या अध्यायात अब्राहाम आणि त्याचा पुतण्या वेगळे होतात. पुतण्याने हिरवंगार रान निवडलं आणि आपला तंबू ठोकला तो एका बदनाम शहराच्या दिशेने.

"बघ," हे आतल्या दिशेने ओरडले, "शहरात गेला नाही हं अजून! नुसतं तोंड तिकडे केलं. सलूनवाल्याचं असंच झालं. आधी नुसता पत्तेवाल्यांच्या शेजारी बसायचा."

मंगळवारच्या अध्यायात पुतण्या शहरात राहायलाच गेलेला. "घ्या! मी म्हटलं नव्हतं?" हे असे खूश, की काय विचारता.

गुरुवारी हेडसर दुकानात आले. "रविवारी माझा निरोपसमारंभ आहे. तीस वर्षांची नोकरी संपतेय. कोट तेवढा शनिवारपर्यंत द्या."

पडद्याआड माझा हात सुरीवरच थांबला. ह्यांचा आवाज आला, "सर, अस्तरावर डाग पडलाय. धुवायला टाकलाय. सोमवारपर्यंत काही होणार नाही."

डाग नव्हता की पाणी नव्हतं. कोट आतल्या दांडीवर कोरडा ठणठणीत लटकत होता. हेडसर "बरं" म्हणाले आणि गेले. रात्री जेवताना सलूनवाल्याचा विषय निघाला नाही. शनिवारी कोट गिऱ्हाइकांच्या दांडीवरून आमच्या खुंटीवर आला, आणि कॉलरला टाचलेली नंबराची चिठ्ठीही निघाली.

रविवारी घाई होती. म्हणून ह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला. एका हाताने स्वतःच्या पांढऱ्या शर्टाला इस्त्री आणि दुसऱ्या हातात शास्त्र. आठवडा पुरा होता होता अध्यायात तो पुतण्या पुन्हा आला होता. संध्याकाळी दोन देवदूत शहरात येतात, आणि पाहतात तर हा गडी थेट शहराच्या वेशीत बसलेला.

"वेशीत बसला होता," ह्यांनी वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग आवाजच बंद. आता सलूनवाला येणार म्हणून मी वाट पाहिली. तो काही आला नाही. जळका वास मात्र आला.

धावत बाहेर गेले तर शर्टाच्या छातीवर इस्त्रीच्या टोकाचा तपकिरी डाग, आणि हे पुस्तकाकडे बघत उभे.

"नुसतं तोंड तिकडे केलं होतं गं," म्हणाले. "आणि वेशीत जाऊन बसला. कळलंसुद्धा नाही."

"कोण, सलूनवाला?"

"मी."

माझं डोकं मात्र शर्टातच अडकलेलं. दुसरा धड शर्ट घरात नव्हता. मी म्हटलं, "अहो, कोट घातला की झाकेल. उद्या मी स्वतः नेऊन देते. लेकीचा विचार करा."

"लेकीचाच करतोय. मलाही भीती वाटते," हे म्हणाले. डोळे मिटून, जळक्या शर्टावर हात ठेवून जरा वेळ प्रार्थना करत उभे राहिले. मग कोट हँगरला लावला आणि हातात धरून निघाले. मला इतका संताप आला होता की मी पडदा खस्सकन ओढला.

परत आल्यावर न राहवून विचारलं, "काय म्हणाले?"

"विचारलं, किती दिवसांपासून घालतोस. सांगितलं. मग अंगात घालून बघितला. म्हणाले, खांद्यात सैल झालाय."

"आणि?"

"दार लावून घेतलं." ह्यांचे डोळे भरून आले होते. हेडसरांचे कपडे त्यानंतर आमच्याकडे आले नाहीत.

मुलाच्या घरी जेवणाच्या टेबलाशी मी ह्यांना कोपऱ्यात बसवलं, पण डाग कुठे लपतोय! मुलाची आई तिकडे बघायची आणि पटकन दुसरीकडे बघायची. तिने तिसऱ्यांदा बघितलं तेव्हा ह्यांनीच चमचा खाली ठेवला. "इस्त्रीने जळलाय. माझ्याच." आणि सांगून टाकलं सगळं. आरसा, बाजार, साहेब, निरोपसमारंभ, खोटा डाग. एकही गोष्ट गाळली नाही, त्या याद्या वाचतात तशी. लेकीने मान खाली घातली. जमीन दुभंगावी आणि मी आत जावं, असं मला झालं.

मुलाचे वडील म्हणाले, "न सांगता चाललं असतं की."

"आज चाललं असतं," हे म्हणाले. "मग उद्याही चाललं असतं. म्हणूनच सांगितलं."

मुलाची आई माझ्याकडे वळली. "आणि तुम्ही? तुम्हाला हे माहीत होतं?"

'नाही' हा शब्द अगदी जिभेवर होता. एवढासा तर शब्द. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, तेवढी मोकळीक दिली मला.

"होतं," मी म्हटलं. "कोट शोभतो असं मीच सांगत होते. आज सकाळीही घालाच म्हणत होते. तुम्हाला आम्ही कमी वाटू नये म्हणून." आणि मला रडूच फुटलं.

त्या बाई उठल्या. मला वाटलं, संपलं. त्या टेबलाला वळसा घालून आमच्या लेकीपाशी आल्या आणि तिच्या ताटात आणखी भात वाढला.

"पोटभर जेव गं," म्हणाल्या. "तुझ्या आईबाबांनी सगळं सांगून टाकलंय. आता या घरात तुला लाजायचं काही उरलं नाही."