लेकुरवाळीचा हात

"झबलं इकडं द्या, सिस्टर. पहिला कपडा लेकुरवाळीच्या हातचा असू द्या."

भरल्या उपासनेत हे वाक्य मला ऐकवलं गेलं. मंडळीत आम्हा बायांना सिस्टर म्हणतात. बोलणाऱ्या काकू म्हणजे आमच्या वाशीमच्या ख्रिस्ती मंडळीतलं जुनं, मानाचं घर. रिटायर हेडमास्तरांच्या पत्नी. त्यांच्या नातवाचं अर्पण होतं. आमच्याकडं बाळाला पहिल्यांदा मंडळीत आणलं की पांढरं झबलं घालतात, मग पास्टर त्याला हातात घेऊन प्रार्थना करतात. मी शिवणकाम करते. सात वर्षं मंडळीतल्या प्रत्येक लेकराचं झबलं मीच शिवलं आणि अंगात घातलंही मीच.

मी झबलं दिलं. काकूंनी ते सुनेच्या बहिणीकडं दिलं, तिला दोन मुलं आहेत. माझे हात तसेच पुढं राहिले. पास्टरांनी सगळं पाहिलं आणि गाण्याची वही चाळायला घेतली.

माझं सासर अनसिंगजवळच्या खेड्यात. लग्नाला अकरा वर्षं झाली, लेकरू नाही. जावेच्या ओटीभरणाला सासूनं मला मागच्या अंगणात खरकट्या भांड्यांपाशी बसवलं होतं. पुढं गाणी चालू आणि मी कढई घासत होते. त्याच वर्षी ओळखीची एक बाई मला या मंडळीत घेऊन आली. पास्टर म्हणाले, "इथं कोणी अपशकुनी नसते, बाई." मी ढसाढसा रडले. त्या एका वाक्यासाठी मी प्रभूची झाले. सासरनं बोलणं टाकलं, माहेरनंही टाकलं. नवरा तेवढा सोबत राहिला, आम्ही दोघांनी वाशीमला बिऱ्हाड केलं. तो ऑटो चालवतो. मला दारापर्यंत सोडतो, आत येत नाही.

म्हणजे मला जाण्यासारखी हीच एक जागा उरली होती.

दोन नाताळांपूर्वी पास्टरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "पुढच्या नाताळाले या बहिणीच्या मांडीवर लेकरू राहीन." सगळे आमेन म्हणाले. सगळ्यात मोठ्यानं मी. वर्षभर उपास धरले. दर महिन्याला आशा लावून बसायचं आणि दर महिन्याला न्हाणीत नळ सोडून रडायचं. नाताळ आला आणि गेला. मग लोकांचं बोलणं फिरलं. कुणी म्हणे विश्वास कमी पडला, कुणी म्हणे पाप लपवलं असेल. देव चुकत नाही, पास्टर चुकत नाहीत. मग उरले कोण? मी. हे सगळं माझ्या कानावर येत होतं. तरी मी त्या झबल्याला लेस लावत बसले, वेडी.

अर्पणाच्या त्या रविवारी घरी आल्यावर नवरा म्हणाला, "काहून जातं तिथं? घरी बस."

तीन दिवस मी मशीनला हात लावला नाही. चौथ्या दिवशी भर दुपारी गुडघ्यांवर बसले आणि विचारलं, प्रभू, तूही मला अपशकुनी समजतोस का? उत्तर आलं नाही. खोटं कशाला सांगू, काहीही आलं नाही. पण विचारता विचारता माझं मलाच हसू आलं. ज्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं, त्यांच्याच घरी जेवायला बसणारा हा माझा प्रभू. तो माझ्या हातचं झबलं परत करणार? भांड्यांपाशी मला सासूनं बसवलं होतं. इथं माणसंच मला पुन्हा तिथं नेऊन बसवत होती, फक्त त्याचं नाव घेऊन.

पुढच्या रविवारी साक्ष द्यायची वेळ आली. देवानं आपलं काय भलं केलं ते तेव्हा उभं राहून सांगतात. मी उभी राहिले.

"मले लेकरू झालं नाई. आता होईन असंबी मी सांगत नाई. ते पास्टर बोलले होते, देव बोलला नव्हता. माझ्या विश्वासाले काई झालं नाई, अन् माझ्या हातालेबी काई झालं नाई. काकू, हेच आयकून मी सासर सोडलं. इथं आयकणार नाई."

कुणी आमेन म्हणालं नाही. पास्टर म्हणाले, "बसा सिस्टर, वेळ होऊन राह्यला."

तेव्हापासून मंडळीतला एकही कपडा माझ्याकडं शिवायला आलेला नाही. फोनही येत नाही. उपासनेनंतरचा चहा मी भिंतीपाशी उभी राहून एकटीच पिते. एकटं वाटतं. फार वाटतं. प्रार्थना करते, पण लेकरू मागत नाही. मागून मागून मी दमले, आणि मी खरी आहे हे सिद्ध करायला मला बाळ नको.

उद्या कुणी झबलं शिवायला सांगितलं तर शिवीन, पण अंगात मीच घालीन. नाहीतर दुसरी शिवणारी पाहावी.

दर रविवारी मी बायांच्या सतरंजीवर अगदी पुढं बसते. माझ्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी राहते. ज्यांना माझ्या हाताचा विटाळ होतो, त्यांनी उठून जावं. मी उठणार नाही.