पैलवान आणि शिळं पाणी

ताज्या, स्वच्छ पाण्यानं मासा मरायला टेकतो, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं. तोवर पाण्यातलं आपल्याला सगळं कळतं, असं मी गल्लीत सांगत होते.

मासा माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे आप्पांचा. सासूबाई गेल्यापासून आप्पा दिवसाला चार वाक्यं बोलायचे, त्यातली दोन चहाबद्दल. मग एक दिवस ते सोलापुरातल्या सात रस्ता चौकाकडनं काचेची छोटी टाकी आणि बोटाएवढा निळा मासा घेऊन आले. फायटर मासा! आरशात स्वतःला बघितलं तरी पिसारा फुलवून धावून जातो. आप्पांनी नाव ठेवलं पैलवान, आणि तेव्हापासून ते बोलायला लागले. पैलवानाशी! त्याला पेपर वाचून दाखवायचे, उसाचा भाव सांगायचे. माझ्या आमटीत मीठ जास्त पडल्याचंही मला पैलवानाशी चाललेल्या गप्पांतूनच कळायचं. राग यायचा, पण बरंही वाटायचं. घरात आप्पांचा आवाज परत आला होता.

त्या दिवशी आप्पा भाच्याच्या वास्तुशांतीला करकंबला निघाले. संध्याकाळी परत येणार होते. चपला घालताना म्हणाले, "सूनबाई, पैलवानाला चार दाणं टाक. पाण्याला हात लावू नगंस."

"आप्पा, दोन पोरं वाढवलीत मी! हा एवढासा मासा मला जड आहे का?"

आप्पांनी पिशवी उचलली. एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा टाकीकडं, आणि गेले.

आणि नेमका तो पाण्याचा दिवस! आमच्याकडं चार-पाच दिवसांनी नळ येतो. त्या दिवशी मी पदर खोचला की घरात कुणी चहा मागत नाही. माझा नियम एकच: ताजं आलं की शिळं एक थेंब राहता कामा नये. कळशा, बादल्या, पिंप, सगळं झाडांना नाहीतर अंगणात ओतायचं, घासायचं आणि नव्यानं भरायचं. मी घरात तर ओरडतेच, गॅलरीतनं गल्लीलाही ओरडते, "ओता गं शिळं! डास होतील!" गल्ली मला भिऊन ओतते.

"अहो, गच्चीवरचा ड्रम ओतला का?"

"ओतला की!" आमचे हे पेपरातनं मान वर न काढता म्हणाले.

सगळं भरून झालं आणि माझी नजर टाकीवर गेली. पाणी पिवळसर! तळाला कचरा! माझ्या घरात, पाण्याच्या दिवशी! आप्पा 'हात लावू नगंस' म्हणाले होते, पण ते वयोमानानं, असं मी ठरवून टाकलं. पैलवानाला चहाच्या गाळणीनं वाटीत काढलं (गाळणी नंतर धुतली, दोनदा धुतली), टाकी खसाखसा घासली आणि थेट नळाखाली धरली. पाण्याला औषधाचा काय घमघमाट! म्हटलं, किती स्वच्छ पाणी आहे.

पैलवानानं आत गेल्यावर एक गिरकी घेतली. मग वर येऊन आ वासायला लागला. मग पिसारा मिटून तळाला गेला आणि आडवा झाला.

"अहो! पैलवान चितपट झाला!"

हे धावत आले. दाण्यांच्या पुडीवर दुकानाचा नंबर होता, तो लावला.

"मावशी, ताजं नळाचं घातलं व्हय?" दुकानदार म्हणाला. "त्यात क्लोरीन असतंय की, पाणी ठेवलं की उडून जातंय! तीन-चार दिवसांचं शिळं पाणी घाला लगेच."

"औषध-बिवषध नाही का?"

"थेंब असत्यात, पण संपलेत. आणि शिळ्या पाण्याला काय तोटा? सोलापूर आहे हे, घरोघरी मिळंल!"

घरोघरी!

"टाकीतलं जुनं पाणी कुठंय?" ह्यांनी विचारलं.

"तुळशीला घातलं," मी म्हटलं.

पातेलं घेऊन मी गल्लीत धावले. समोर रजियाभाभी. "भाभी, शिळं पाणी आहे का, शिळं?"

"क्या वैनी! तुमीच बोले ना आज सुबू, शिळा पानी सब फेको करके? मैं तो मटका बी घासके रखी! ताजा लेव ना, टाकी भरेली है!"

पुढच्या घरी विचारलं, तर ती बाई दारातच घाबरली. "नाही हो वैनी! शपथ घेते, एक थेंब ठेवला नाही! आत येऊन बघा!" तिला वाटलं, मी तपासणीला आले! तिसऱ्या घरी तर मला बघून आधी मोरीत बादली पालथी झाल्याचा आवाज आला, मग दार उघडलं. जन्मात पहिल्यांदा अख्खी गल्ली मला पाणी देत होती, आणि मी नको म्हणत होते.

रिकामं पातेलं घेऊन घरी आले. भाभीही मागोमाग आल्या. पैलवानाचे कल्ले जेमतेम हलत होते. मी फरशीवरच बसले. संध्याकाळी आप्पा येणार, टाकीपुढं खुर्ची ओढणार, आणि मग बोलणार कुणाशी? परत मुके झाले तर? मला रडू फुटलं.

हे कान खाजवत उभे होते. "अगं, एक सांगू? चिडणार नाहीस ना?"

"आत्ता?!"

"गच्चीवरचा ड्रम मी ओतला नाही. मागच्या वेळीही ओतला नव्हता."

पंचवीस वर्षांच्या संसारात हा माणूस मला इतका देखणा कधीच दिसला नव्हता! आम्ही तिघं गच्चीवर पळालो. पातेलंभर शिळं पाणी आणून गाळलं, टाकीतलं पाणी बदललं आणि पैलवानाला आत सोडलं. भाभी दुआ पुटपुटत होत्या, मी गणपतीला एकवीस मोदक कबूल केले. अर्ध्या तासानं शेपूट हललं. दुपारपर्यंत स्वारी वर येऊन फिरायला लागली. ह्यांनी दाढीचा आरसा टाकीला लावला, आणि पिसारा फुलवून पैलवान असा धावून आला!

"जिंदा है! जिंदा है!" भाभी गॅलरीतनं ओरडल्या. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. मी सगळ्यांना चहा पाजला (ताज्या पाण्याचा), आणि मासा कसा वाचवावा हे समजावून सांगितलं.

संध्याकाळी आप्पा आले. टाकी बघून म्हणाले, "पाणी बदाललंस व्हय?"

मी सगळं खरं सांगून टाकलं. आप्पा रागावतील वाटलं होतं, ते पोट धरून हसायला लागले. मग वाकून त्यांनी स्वतःच्या खाटेखालनं दोन भरलेल्या बाटल्या काढल्या.

"मग ह्यातलं घालायचं की. पैलवानाचंच हाय, पाच दिसाचं शिळं."

"हे इथं कधीपासून?"

"टाकी आणल्यापास्नं. तुला दिसलं तर वतशील, म्हून खाटंखाली ट्रंकंमागं ठिवतो."

म्हणजे मी गल्ली पालथी घालत होते आणि पाणी माझ्याच घरात होतं! सोलापुरात लोक पाणी चोरांपासून जपतात. आमच्याकडं बाप आणि लेक दोघं ते माझ्यापासून जपत होते. आप्पा आता माझ्याशीही भरपूर बोलतात, आमटीतल्या मिठाचंही तोंडावर सांगतात. पैलवान ठणठणीत आहे. त्याला पिसारा फुलवायला आता आरसा लागत नाही. मी नुसती पदर खोचून समोरनं गेले तरी पुरतं.