करंज्यांचा डबा

केशोरीत देवकाबाईला सगळे भली बाई म्हणत. कुणाचं बाळंतपण असो की मयत, ती पदर खोचून हजर. पण भल्या बाईला डूख धरता येत नाही, असं कुणी सांगितलं? थोरली जाऊ सायत्राबाई हिच्यावर तिनं वीसेक वर्षं डूख धरला होता आणि पोटच्या पोरासारखा जपला होता.

कारणही तसंच होतं. तेव्हा घर एकत्र होतं. गावातल्या बायकांची जीप रामटेकला निघाली होती. देवकाबाईची ती आयुष्यातली पहिली यात्रा. युरियाच्या पोत्याची शिवलेली पिशवी घेऊन ती अंगणात आली, तर सायत्राबाई आडवी आली. "घरचं काही चोरून तं नाही नेऊन राहिली?" असं म्हणत तिनं सगळ्यांसमोर पिशवी उलटी केली. आत चोरीचं काय निघणार? एक लुगडं, फणी, भाकरी आणि ठिगळं लावलेला परकर. सायत्राबाईनं तो परकर दोन बोटांत धरून वर केला. बायका खो-खो हसल्या. देवकाबाई यात्रेला गेली खरी, पण देवासमोर उभं राहून तिनं मागितलं काय, तर एवढंच : हिची पिशवी एकदा माझ्या हाती दे.

देवाला घाई नसते. मधल्या काळात वाटण्या झाल्या, अंगणात भिंत आली, दोन्ही घरांत सुना आल्या. वरवरचं बोलणं राहिलं, सणावाराला भाजीची वाटीही इकडून तिकडे जायची. सायत्राबाईचा ओमेश नागपुरात धंद्यात वर आला. आणि यंदा माघात बातमी आली, ओमेश आईबापाला क्रूझवर नेणार. मुंबईहून मोठ्या जहाजात बसायचं, थेट लक्षद्वीपच्या बेटांपर्यंत जायचं, जेवायचंही जहाजात आणि झोपायचंही जहाजात.

सायत्राबाईचे पाय जमिनीवर ठरेनात. तिकडे उकाडा असतो म्हणून सून रुचिकानं सगळे कपडे नवे घेतले आणि चाकांची बॅग भरूनच पाठवली. आत काय आहे असं कुणी विचारलं, की सायत्राबाई नुसती लाजायची आणि किल्ली कमरेला खोचायची. ते लाजणं देवकाबाईनं बरोबर ओळखलं. बॅगेत लपवण्यासारखं काहीतरी आहे, हे तिला कळलं, आणि तिनं करंज्या करायला घेतल्या.

करंज्याच का? लाडू कुठेही कोंबता येतात, चिवडा पिशवीत मावतो. करंजी मात्र नीट आडवी ठेवावी लागते, नाहीतर नुसता चुरा. शिवाय निघणाऱ्या माणसानं शिदोरी नाकारू नये. देवकाबाईनं घरातला सगळ्यात मोठा डबा काढला. बॅग रिकामी केल्याशिवाय तो आत बसणारच नव्हता. तळताना ती स्वतःशीच गुणगुणत होती. तिची सून मंजू हे पाहून जरा घाबरलीच.

निघायच्या दिवशी हळदकुंकू लावायला बायका जमल्या. सायत्राबाईनं मुद्दाम बोलावणंच पाठवलं होतं. अंगणात एका कडेला मिरच्या वाळत होत्या, उरलेल्या जागेत बायका. देवकाबाई डबा घेऊन आली.

"जाऊबाई, तुमच्यासाठी करंज्या. बॅगेत ठेवा."

"एवढा मोठा डबा? हातात नेईन ना वं."

"हातात चुरा होईन. शिदोरीले नाही म्हणू नये, माय. द्या किल्ली, मीच ठेवून देते."

चारचौघींत नाही कसं म्हणणार? किल्ली आली. देवकाबाईनं बॅग अंगणाच्या मधोमध ओढली आणि एकेक वस्तू बाहेर काढू लागली, सावकाश, मागच्या रांगेलाही दिसेल अशी. गुडघ्यापर्यंतची फुलाफुलांची पॅन्ट. काळा गॉगल. सुपाएवढी टोपी. सगळ्यात खाली पोहायचा निळा पोशाख. तो तिनं दोन बोटांत धरून वर केला.

"हे काय होय वं जाऊबाई?"

आणि ती हसण्याची वाट पाहत राहिली.

बायका हसल्या, पण वेगळंच हसल्या. "अवं माय, किती मऊ हाय!" "मले टोपी घालून पाहू दे ना!" शेजारच्या रिंकूनं गॉगल लावून फोटो काढून घेतला. गावातली सगळ्यात म्हातारी भागरताबाई, तिनं तर ती पॅन्ट कमरेला लावून पाहिली. सायत्राबाईची भीड चेपली. जहाजावरच पोहायचा तलाव असतो, त्यात बायकाही उतरतात, असं ती रंगवून सांगू लागली. इतकी वर्षं राखून ठेवलेला वार फुकट गेला. जावेची मिरवणूक निघाली, आणि ती काढणारी कोण, तर देवकाबाई स्वतः! तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"देवका, तू बी घालून पाह्य टोपी," सायत्राबाई लाडानं म्हणाली.

झालं. देवकाबाईनं डावपेच सोडून दिले.

"याच अंगणात तुमी माही पिशवी उलटी केली होती," ती म्हणाली. "चोर म्हनलं होतं. माहा फाटका परकर साऱ्याइले दाखवला होता."



"ते कवाची गोष्ट वं," सायत्राबाई उसनं हसत म्हणाली. "मले तं आठवत बी नाही."

"मले आठवते," भागरताबाई बोलली. हातातली पॅन्ट तिनं खाली ठेवली. "मी होती ना तवा. मी बी हासली होती, देवका. चोरीचं तं काहीच निंगालं नव्हतं."

देवकाबाईनं तिच्याकडे पाहिलंही नाही. तिची नजर जावेवरच होती. "मंग सांगा ना जाऊबाई. काय चोरलं होतं मी?"

सायत्राबाईनं इकडेतिकडे पाहिलं. रिंकूनं गॉगल उतरवला. टोपी कुणीतरी हळूच चटईवर ठेवली. बाहेर ओमेशनं गाडीचा हॉर्न वाजवला.

"काही नाही," सायत्राबाई पुटपुटली.

"मोठ्यानं सांगा. तवा मोठ्यानंच इचारलं होतं."

"काही नाही चोरलं होतं तुनं!" सायत्राबाईचा आवाज फाटला.

मग ती खाली बसली आणि पसरलेले कपडे गोळा करू लागली. घाईघाईनं कोंबलेली बॅग बंद होईना, चेन मध्येच अडकली, हॉर्न पुन्हा वाजला. एकही बाई पुढे झाली नाही. देवकाबाई तिथंच उभी राहून पाहत होती. तिला जावेची जराही दया आली नाही, आणि दया आली नाही याचं तिला फार बरं वाटलं.