शालनवहिनींची सही

मंडळी, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही. परदेशातल्या राजकैद्यांच्या सुटकेसाठी नातीनं मोबाईलवर सही करायला लावली, आणि मला आणीबाणीतलं आमचं आष्टा गाव आठवलं.

तेव्हा चिलीच्या लष्करी राजवटीनं डांबलेल्या लोकांसाठी देशोदेशी सह्या गोळा होत होत्या. मीही घरोघर फिरत होते. शालनवहिनींच्या दारात मात्र पाय अडखळले. त्यांचे यजमान, गावच्या शाळेतले मास्तर, स्वतःच तुरुंगात होते, खटला न चालवता.

वहिनींनी हाताचं पीठ पुसलं. "चिली लय लांब हाय का, ताई?"

"समुद्रापार. पण तुम्ही राहू द्या, वहिनी. पोलिसांचं लक्ष असेल."

"त्यांच्याबी बायका वाट बघत असतील की," म्हणत त्यांनी सही केली. मग हळूच विचारलं, "आमच्या ह्यांच्यासाठी तिकडं कोण सही करत असंल का वं?"

पुढं मास्तर सुटले, पण पुन्हा वर्गात उभे राहिले नाहीत.

तुमच्यापैकी कुणाच्या घरचं माणूस असं आत होतं का? बाहेर कुणी अनोळखी माणूस आपल्यासाठी सही करतंय, हे त्याला कधी कळलं होतं का?