पायपुसणं झालेला सदरा

अन्याय माझ्या चुलत्यावर झाला. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत, ते कांद्याला पाणी द्यायला रानात गेलेले असताना! चुलतीनं त्यांचा विरलेला सदरा उचलून पारनेरला नेला. तिथं जुन्या कपड्यांपासून वस्तू बनवायला शिकवणारा वर्ग चालतो. तिनं सदऱ्याच्या पट्ट्या फाडल्या, वेण्या घातल्या आणि पायपुसणं शिवलं. वर्गाच्या प्रदर्शनात त्याला पहिला नंबर मिळाला, म्हणून शिकवणाऱ्या बाईंनी ते दारातच अंथरलं.

मी चुलत्यांना कौतुकानं प्रदर्शन दाखवायला नेलं. चुलतीही बरोबर होती. ते दारातच थबकले.

"आगं, ह्यो माजा सदरा हाय!"

"हुता," चुलती म्हणाली. "अवं, पार चाळण झाली हुती त्याची."

"म्हून काय झालं? आत्ता कुटं मऊ पडला हुता!"

त्यांनी पायपुसण्यावरून उडी मारली, मागच्या पाहुण्यांनाही मारायला लावली. निघताना ते काखोटीला मारून घरी आणलं. आता दुपारी ते त्यावर डोकं टेकून झोपतात.

जुन्याचं नवं करा, मीही गावोगाव तेच सांगत फिरते. पण फाटलेलं सगळं टाकाऊ, हे कुणी ठरवलं? कात्री लावण्याआधी, कपडा ज्याच्या अंगावरचा आहे त्याला विचारा. आणि तो नाही म्हणाला, तर कात्री खाली ठेवा!